बोटावर निभावलं

डंडीत आज सकाळपासून हार आहे.
समुद्रावरून आत येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात.
गळ्यात पडतो तो हार, पदरी येते ती हार,
आणि हे तिसरं, नपुंसकलिंगी,
टे नदीवर पसरून राहिलेलं.
पूल अर्धाच दिसतो.

हॉस्पिटलच्या तळघरात, लिफ्टच्या शेजारी,
इशबेल मॅकरेची खोली. संशोधन परिचारिका.
तिच्या यादीत मी एकशे सत्तावन्न.
ती मला मिस्टर गायसस म्हणते,
मी दोनदा घैसास म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं.
अतिदक्षता विभागातून जिवंत बाहेर पडलेल्यांचं
पुढे काय होतं, हे तिला मोजायचंय:
तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने.
आज वर्ष.

आधी चालणं. सहा मिनिटं, दोन नारिंगी शंकूंमध्ये,
रस्ता खणताना ठेवतात तसले.
तीनशे दहा मीटर. 'मागच्या खेपेपेक्षा चाळीस जास्त,'
ती म्हणते, दुसऱ्याच्या मुलाचं प्रगतिपुस्तक वाचावं तशी.
मग मूठ. दांडा जीव खाऊन दाबायचा.
सतरा किलो.
बत्तीस वर्षं कवळ्या बनवल्या मी, या हातांनी
अर्ध्या डंडीला पुन्हा चावायला लावलं.
सतरा.

साताऱ्याहून आत्येभाऊ फोनवर म्हणाला होता,
'जिवावरचं बोटावर निभावलं रे.'
त्याला काय माहीत,
माझं बोटांवरच होतं सगळं.

मग शब्द. ती पाच सांगणार, नंतर परत विचारणार.
घंटा, मीठ, पूल, बटण, कावळा.
मधल्या वेळात प्रश्न.

'त्या एकोणीस दिवसांतलं काय आठवतं?'
त्यांच्या डायरीत आहे:
आज तुमची दाढी केली. पत्नीने तुमच्या भाषेत
काहीतरी वाचून दाखवलं, तुमची भुवई हलली.
शैला म्हणते, हाताशी काही नव्हतं रे,
कॅलेंडरची मागची बाजू वाचली, मुगाच्या वड्या.
मला आठवतं ते वेगळं. खाटेखाली भरती आलेली,
आणि कुणीतरी माझे दात एकेक काढून
ट्रेमध्ये मांडतंय, प्रत्येकावर
दुसऱ्याच माणसाच्या नावाची चिठ्ठी.
यातलं भुवई कशाने हलली, कोण सांगणार.

'कपडे घालताना अडचण?
काहीच नाही, थोडी, खूप.'
काहीच नाही. खूण करून टाकली.

आता ते पाच शब्द.
घंटा, मीठ, पूल, कावळा.
पुढे हार.
'हरकत नाही,' ती म्हणते, आणि चार लिहिते.

बाहेर बसथांब्यावर वारा. कोट उघडा.
सकाळचा शर्ट शैलाने लावून दिलेला, रोज लावते,
तेवढा वेळ मी छताकडे बघतो,
आणि आम्ही दोघंही त्याविषयी बोलत नाही.
इथे शैला नाही. बोटं काजापाशी जातात, घसरतात,
पुन्हा जातात.
बटण.

शब्द सापडला. बटण काही काजात गेलं नाही.

बस आली, तिला जाऊ दिलं.
परत तळघर. 'पाचवा आठवला,' म्हटलं.
'आता तो धरता नाही येणार,' इशबेल म्हणाली. नियम.
'तो नको धरू. कपड्यांचा प्रश्न काढ.
तिथे मी खोटं लिहिलंय.'

तिने खोडलं नाही. जुन्या खुणेवर एक सरळ रेघ ओढली,
खालचं वाचता येईल अशी,
'खूप'समोर माझ्याकडून खूण करून घेतली,
शेजारी स्वतःची आद्याक्षरं, तारीख.
मग कोटाकडे बघून, हलकेच, 'लावू का?'

'थांब,' म्हटलं. 'किती वेळ लागतो तेही मोज.'
कागदावर त्याला रकाना नव्हता.
तिने शंकूंजवळचं घड्याळ उचललं.